टालाटो आजीच्या रांजणातले पाहुणे

मित्रांनो, काचेच्या बरणीची एक मोठी पंचाईत असते. पोटात काय आहे ते तिला लपवता येत नाही. साखर असो की मुंग्या, येणाराजाणारा बाहेरूनच पाहून घेतो. मी अशीच एक जुनी बरणी. काठाचा टवका उडालेला, झाकण कधीच हरवलेले. पण स्वभाव पहिल्यापासून चौकस. माझे पोट साऱ्या जगाला दिसते, तर जगाच्या पोटात काय आहे ते मलाही दिसावे, असे मला फार वाटे. ती हौस वागाडुगू शहराच्या कडेला, नकाशात नसलेल्या एका वस्तीत पुरी झाली.

माझा जन्म भट्टीतला. वाळू आणि फुटक्या बाटल्या एकत्र वितळवून मला फुंकले. माझ्या आत मेयोनीज भरले, वर लाल झाकण लावले आणि ट्रकमधून माझी रवानगी झाली. बरेच हेलकावे खाऊन मी झेर्बोच्या टपरीवर येऊन पोचले. झेर्बो सकाळी कॉफी विकायचा. तळाशी घट्ट गोड दूध, वर काळी कॉफी, सोबत लांब पाव आणि ऑम्लेट. मेयोनीज पावांवर संपून गेले, पण झेर्बोने मला फेकले नाही. गरम पाण्याने घासूनपुसून माझ्यात साखरेच्या वड्या भरल्या.

ते माझे वैभवाचे दिवस. गिऱ्हाइकाने साखर मागितली की झेर्बो मला उचलून टिचकी मारायचा. टणकन आवाज यायचा. "बघा, मुंगीची हिंमत नाही आत शिरायची!" तो म्हणायचा. फळीवर बसल्या बसल्या मी वस्तीच्या गप्पा ऐकायची. लग्न, पाऊस, मोपेडचे बिघाड. आणि ताप. तापाला तिथे सगळे एकाच नावाने ओळखत. हिवतापाला ते 'पालू' म्हणत, आणि कुठलाही ताप आला की तो पालूच. "दिसला नाहीस दोन दिवस?" "पालू झाला होता." "बायको कुठाय?" "पालू आहे." सर्दीपडशासारखे ते बोलत. मला प्रश्न पडे, हा पालू राहतो तरी कुठे? येतो कुठून? पण बरणीला विचारता येत नाही.

मग एके दिवशी एका मोपेडचा धक्का टपरीला लागला. माझे झाकण घरंगळत गटारात गेले, काठाचा टवका उडाला. साखर दमट होऊ लागली. झेर्बोने प्लास्टिकचा नवा डबा आणला आणि मला टपरीमागच्या बुटक्या मातीच्या भिंतीवर पालथी ठेवून दिली. कुणी टिचकी मारेना, कुणी पुसेना. लाल धूळ अंगावर बसली. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण भिंतीपलीकडे टालाटो आजीचे अंगण होते, आणि ते मला तिथून पुरते दिसायचे.

त्या अंगणात कडुनिंबाखाली मातीचे मोठमोठे रांजण होते. आजीच्या सासूच्या काळातले. वस्तीत घरोघरी नळ नाही. लांबच्या सार्वजनिक नळावर रांग लावायची, नाहीतर पिंपांचा गाडा ढकलत येणाऱ्याची वाट पाहायची. म्हणून आजी रांजण रिकामे होऊच देत नसे. अर्धे झाले की वरून पुन्हा भरायचे. आल्यागेल्याला ती वाळलेल्या दुधीचा वाडगा बुडवून गार पाणी द्यायची आणि म्हणायची, "आधी पाणी, मग तक्रार."

आजीचा थोरला मुलगा शेजारच्या आयव्हरी कोस्ट देशात कोकोच्या मळ्यात कामाला होता. त्याची बायको लामुसा आजीजवळ राहायची. तिला दिवस गेले होते. धाकटा मुलगा नोआगा आदल्या वर्षी पावसाळा सरता सरता गेला. हट्टी पालू झाला, गोळ्यांना जुमानला नाही, असे लोक म्हणत. आजी त्याचे नाव घेत नसे. त्याची फुटबॉलची बनियन मात्र दोरीवर वाळत घातलेली दिसायची. वापरत कुणीच नव्हते, तरी आजी ती धूत असे.

दुःख असे पोटात, पण ओठांवर आजीच्या सदा फटाके. विशेषतः झेर्बोसाठी. तो सामो जमातीचा, ती मोसी. या दोन जमातींत पिढ्यान्‌पिढ्यांचे थट्टेचे नाते. एकमेकांना वाटेल ते बोलावे, आणि राग मानला तर त्याचीच लाज.

"काय गं माझे गुलामिणी, मेली नाहीस अजून?" झेर्बो भिंतीवरून विचारायचा.

"तुझ्या पोरांना शिस्त लावल्याशिवाय मरते की काय!" आजी ओरडायची. "आणि झेर्ब्या, काल माझा कुत्रा दिसला नाही. तुझ्या कढईत डोकावून येऊ का?"

मग दोघेही हसत सुटायचे.

त्या वर्षी पावसानंतर वस्तीत ताप फार झाला. कुणाच्या डोळ्यांमागे दुखे, कुणाची हाडे मोडून आल्यासारखी दुखत. तेव्हाच झालिसा अंगणात आली. ती गल्लीच्या टोकाला बायकांच्या वेण्या घालून द्यायची. त्या हंगामात ती आरोग्यसेविकाही झाली होती. अंगात हिरवे जाकीट, हातात विजेरी. भर दुपारी ती रांजणात विजेरी मारून पाहू लागली.

"दिवसा दिवा लावून काय शोधतेस गं? तुझा नवरा तर नाही ना बुडाला?" आजीने विचारले.

"आजी, यात अळ्या आहेत. डासांच्या."

"असू देत. जिवंत पाणी आहे ते. ज्या पाण्यात जीव जगतो ते पाणी विषारी नसतं. माझी सासू सांगायची."

"अगं, पण तापाचं मूळ तेच आहे. ओतून टाकावं लागेल."

"हात लावून तर बघ!"

झालिसा सकाळपासून दारोदार फिरून, टोमणे ऐकून वैतागली होती. तिने खरोखरच रांजणाला हात लावला. कलंडवला. दूरवरून आणलेले सगळे पाणी लाल मातीवर पसरले आणि बघता बघता जिरून गेले.

आजीचा आवाज फुटला. "हे पाणी आणायला तुझी आई गेली होती गाडा ढकलत? पोटुशी बाई आहे घरात, ती काय पिणार आता? तुझं जाकीट? चालती हो! पुन्हा पाऊल टाकलंस तर वेण्या उपटून हातात देईन!"

गल्लीने आजीची बाजू घेतली. संध्याकाळपर्यंत झालिसाला एकही दार उघडेना. मराठीत एखाद्याचा दुस्वास करण्याला 'पाण्यात पाहणे' म्हणतात ना, तशी सारी गल्ली तिला पाण्यात पाहू लागली. खरे पाणी मात्र कुणीच पाहीना.

दुसऱ्या दिवशी ती टपरीवर मान खाली घालून बसली. मला भिंतीवरून सगळे ऐकू येत होते.

"पाणी ओतलंस?" झेर्बो म्हणाला. "अगं, म्हातारीच्या थोबाडीत मारली असतीस तरी परवडलं असतं."

"चुकलंच माझं, झेर्बोभाऊ. पण करू काय? मी अळी म्हणते, ती पाण्याची लेकरं म्हणते. मी डास म्हणते, ती म्हणते डास गवतातून येतात."

"मग भांडतेस कशाला? ती लेकरं मोठी होऊन काय होतात ते दाखव तिला."

"दाखवू कशात? रांजणात तर अंधार."

झेर्बो टपरीमागे आला आणि त्याने मला उचलले. किती दिवसांनी माणसाचा हात लागला! त्याने मला धुतले, उन्हात धरून पाहिले, आणि टिचकी मारली. टण!

मग भिंतीवरून हाक दिली. "टालाटो! तुझ्या पाण्यातून मासा निघाला, बेडूक निघाला, काहीही निघालं, तर गल्लीसमोर तुला राणी म्हणेन. आणि डास निघाला तर तू मला मालक म्हणायचं. कबूल?"

आजी तणतणत बाहेर आली. पण थट्टेच्या नात्यात आव्हान नाकारायचे नसते. "कबूल! पण त्या पोरीनं माझ्या रांजणाला हात लावायचा नाही. मीच देते पाणी." तिने दुसऱ्या रांजणाच्या तळातून वाडगा भरून आणला आणि माझ्यात ओतला. झालिसाने पुढे येऊन डोक्याच्या ओढणीची पातळ पट्टी फाडली आणि ती माझ्या तोंडावर वेणीच्या काळ्या दोऱ्याने घट्ट बांधली. दोघी एकमेकींकडे न पाहता निघून गेल्या. मी पुन्हा फळीवर आले, अगदी माझ्या जुन्या जागी.

मित्रांनो, आजवर माझ्या पोटात मेयोनीज होते, साखर होती. ती जागची हलत नसत. आता पहिल्यांदाच आत कुणीतरी जगत होते! केसाच्या तुकड्यांएवढे बारीक जीव, डोके खाली आणि शेपूट वर करून पाण्याच्या वरच्या थराला लटकत. आधी वाटले, उलटे का टांगून घेतात? मग कळले, ते शेपटीने श्वास घेत होते! कुणाची सावली पडली की सगळे वळवळत तळाशी जात, आणि दम संपला की पुन्हा वर येत. मधूनच एखादा आपले कातडे टाकून थोडा मोठा होई. मला तर दुसरे काही सुचेना.

गिऱ्हाइकांनाही सुचेना. कॉफी गार व्हायची, पण डोळे माझ्यावर.

"बेडूकच होणार. बेडकाची पोरं अशीच शेपटीची असतात."

"छे, डोकी बघ केवढी! मासेच आहेत."

"झेर्बो, तुझ्या कॉफीचे दोन थेंब टाक आत. मग बघ, सगळे उठून कामाला जातील."

टालाटो आजीसुद्धा यायची. पाव घ्यायच्या निमित्ताने. पाव हातात पडला तरी रेंगाळायची आणि तिरक्या नजरेने माझ्यात पाहायची. एकदा टपरीवर कुणी नव्हते, तर तिने वाकून नाक काचेला लावले आणि हळूच विचारले, "कोण रे तुम्ही?"

झालिसा रोज सकाळी पाहून जायची, पण आजी दिसली की थांबायची नाही.

मग ते जीव बदलले. लटकायचे थांबले, खायचे थांबले, आणि पाठीत वाकून स्वल्पविरामासारखे झाले. "आजारी पडले वाटतं," एकजण म्हणाला. मलाही काळजी वाटली. माझेच पाहुणे ना ते!

त्याच दिवसांत लामुसाला ताप भरला. टपरीशी आजी दबक्या आवाजात सांगत होती. "पालूच आहे. फिरत्या गोळीवाल्याकडून पालूच्या गोळ्या आणून दिल्या, अंगदुखीच्या पण दिल्या. पण उतरत नाही रे मेला. पोरगी टाळू फुटल्यागत कण्हते."

"दवाखान्यात ने," झेर्बो थट्टा विसरून म्हणाला.

"त्या पोरीच्या माणसांकडे? आणखी एक रांजण ओतून द्यायला?"

पुढची गोष्ट मी जन्मभर विसरणार नाही. सकाळची वेळ होती. आजी पाव घ्यायला आली होती. वाकलेल्या जिवांपैकी एकाची पाठ पाण्याच्या अगदी वर येऊन उलली. आतून काहीतरी ओले, काळे, बारीक वर येऊ लागले. आधी डोके, मग आखडलेले पाय, मग चिकटलेले पंख. स्वतःच्याच टाकलेल्या कातडीवर, होडीवर उभे राहावे तसे ते उभे राहिले. पंख वाळले. पाय पसरले. काळ्या पायांवर पांढरे पट्टे, कुणी रंगाने काढल्यासारखे. आणि ते उडाले, ओढणीच्या पट्टीला धडकले, आणि माझ्या आत एक ओळखीचा बारीक सूर घुमला.

"डास!" एकजण ओरडला. "जिंकलास, झेर्बो!"

झेर्बोने आजीकडे पाहिले आणि तो हसला नाही.

तेवढ्यात झालिसा आली. तिने माझ्याकडे पाहिले, मग आजीकडे. या खेपेला ती निघून गेली नाही.

"हा पट्टेवाला," आजी म्हणाली, "हा तर दिवसा चावतो. आम्ही कडुनिंबाखाली बसतो तेव्हा. रात्री तर आम्ही मच्छरदाणीतच झोपतो."

"हो आजी. हा दिवसाचाच. याचा ताप पालूसारखाच दिसतो, पण पालू नसतो. डेंगू म्हणतात त्याला. म्हणून पालूच्या गोळ्या त्याला लागू पडत नाहीत."

आजीने एक हात फळीवर टेकवला. माझ्या इतक्या जवळ, की तिचा श्वास काचेवर उमटला. "म्हणजे माझा नोआगा... मीच..." मग म्हणाली, "माझ्याच पाण्यातून आलं होतं का ते, पोरी? खरं सांग."

टपरीवर बसलेल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला वाटले, आता झालिसाची वेळ आली. हवे तर तिने सूड घ्यावा. एक 'हो' पुरला असता.

झालिसाने तिला बाकावर बसवले आणि ती शेजारी बसली. "ते कुणालाच सांगता यायचं नाही, आजी. आमच्या अंगणात पण पिंप आहे. समोर टायरं पडलीत, त्यात पाणी साठतं. डास काही दार बघून येत नाही. नोआगाला कुठला चावला, ते नोआगालाही कळलं नसेल." मग ती म्हणाली, "आणि तुझं पाणी मी ओतायला नको होतं. लोक पाणी साठवतात कारण नळ नाही. ती तुझी चूक नाही."

आजीने माझ्यात पाहिले. दुसरा डास होडीवर उभा राहत होता.

"लामुसाच्या हिरड्यांतून आज सकाळी रक्त आलं," ती एकदम म्हणाली.

झालिसा ताडकन उठली. "अंगदुखीच्या गोळ्या अजून देतेस?"

"देते की. पहाटे दिली."

"आता एकही देऊ नकोस! त्यानं रक्त आणखी वाहतं. झेर्बोभाऊ, तीनचाकी!"

झेर्बोने कढईखालचा जाळ विझवला आणि गिऱ्हाइकांना तसेच सोडून तो धावला. भिंतीपलीकडून लामुसाला उचलून आणलेले मी पाहिले. तिचा हात पोटावर होता. आजीने दोरीवरची बनियन ओढून सुनेच्या डोक्याखाली घातली. गाडी लाल धुळीत दिसेनाशी झाली.

मी फळीवर तशीच. आतला आवाज वाढत चालला होता. एक, आणखी एक, पाहुणे उडत होते. ज्यांच्यासाठी मी इतके दिवस हरखून गेले होते, तेच हे. जीव म्हणून ते सुंदर होते. पण धुळीकडे पाहताना त्यांचा सूर मला ऐकवेना.

दुपार कलल्यावर झेर्बो परतला. "डेंगूच," त्याने जमलेल्यांना सांगितले. "सलाइन लावलंय. डॉक्टरीण म्हणाली, अजून उशीर केला असता तर दोघांनाही वाचवता आलं नसतं. अजून धोका आहे, पण पोर पोटात हलतंय." मग तो माझ्याजवळ आला, त्याने मला उन्हात नेले आणि आतले डास मरेपर्यंत तापलेल्या पत्र्यावर ठेवले. नंतर मला धुताना त्याने टिचकी मारली नाही.

त्याच आठवड्यात पलीकडच्या गल्लीतला शिंपी गेला. त्याच्या घरचे अजूनही म्हणतात, पालू झाला होता.

लामुसा परतली ती वाळलेल्या पानासारखी होऊन, पण चालत. अंगणात आल्या आल्या आजीने रांजण पुढे ओढले. उरलेले पाणी तिने कडुनिंबाच्या आळ्यात घातले, एक थेंबही वाया जाऊ दिला नाही. मग बाह्या वर करून आतल्या भिंती वाळूने घासू लागली. झालिसा दारात उभी होती. आत यावे की नाही, तिला कळत नव्हते.

"उभी काय राहतेस? अंडी आत भिंतीला चिकटतात म्हणालीस ना? मग ये, घास! माझी पाठ गेलीय."

दोघींनी मिळून घासले. सणाला नेसायचे निळे कापड आजीने पेटीतून काढले आणि बिनदिक्कत फाडले. प्रत्येक रांजणाच्या तोंडावर एक तुकडा, काळ्या दोऱ्याने घट्ट बांधून. "दर आठवड्याला सोडायचं, घासायचं, पुन्हा बांधायचं," झालिसा म्हणाली. आजीने मान हलवली. मग भिंतीकडे पाहून खणखणीत आवाजात ओरडली, "मालक! अहो झेर्बो मालक! एकदाच म्हणतेय, कान उघडे ठेवा!" झेर्बो हसता हसता कॉफी सांडून बसला. पुढे धुळीच्या वाऱ्याच्या, थंडीच्या दिवसांत त्या अंगणातून बाळाचे रडणे ऐकू आले. मुलगी झाली.

मित्रांनो, मी आता टपरीवर नसते. आजी मला कडेवर घेऊन झालिसाबरोबर वस्तीत फिरते. जिच्या जिभेला सारी गल्ली भिते, तिला दार बंद करणार कोण? परवा एका अंगणात गेलो. घरची बाई पिंपासमोर हात पसरून उभी राहिली. "पाणी ओतू देणार नाही! काय लागतंय आणायला, तुम्हाला काय ठाऊक?"

झालिसा काही बोलायच्या आत आजी म्हणाली, "मला ठाऊक आहे, बाई. कोणी ओतत नाही. तूच तुझ्या हातानं एक वाडगा दे." बाईने बिचकत वाडगा बुडवला आणि माझ्यात ओतला. आजीने मला उन्हासमोर धरले. बाईच्या कपाळावरची आठी तशीच होती. मग तिला आत काहीतरी हलताना दिसले. ती पुढे झुकली, डोळे बारीक केले, आणि तिचा आवाज एकदम बदलला.

"अगंबाई, हे कोण?"

हा प्रश्न ऐकायला मी पुन्हा पुन्हा कुणाच्याही कडेवर बसायला तयार आहे. कारण जिथे हा प्रश्न पडतो, तिथे भांडण थांबते.

तुमच्याकडे रांजण नसतील. पण पिंप असेल, कुंडीखालची ताटली असेल, गच्चीवरची टाकी असेल, अंगणात पडलेले टायर असेल. त्यातले थोडे पाणी एखाद्या काचेच्या बरणीत घ्या, तोंड कापडाने घट्ट बांधा आणि उजेडात धरा. घाबरू नका, शेजाऱ्यावर ओरडूही नका. आधी नीट पाहा. आणि काही वळवळताना दिसले, तर ती बरणी घेऊन शेजारच्या घरी जा.